पालापाचोळ्यातील रोटिफर आणि नव्या जातीच्या वर्णनाचा इतिहास : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रास्ताविक

एखाद्या प्रदेशातील प्राण्यांची यादी त्या प्रदेशाविषयी जेवढे सांगते, तेवढेच ती तयार करणाऱ्यांच्या अभ्यासपद्धतीविषयीही सांगते. रोटिफर या सूक्ष्म प्राणिसंघाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जाणवते. बहुतेक रोटिफर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. डोक्यावरील पक्ष्माभिकांची हालचाल फिरत्या चाकांसारखी भासते, त्यावरून त्यांना हे नाव मिळाले. जगात त्यांच्या सुमारे २,००० जाती ज्ञात असून त्यांतील सुमारे ४५० जाती डेलॉइड गटात मोडतात. जळूप्रमाणे अंग आखडत-पसरत सरकणारे हे प्राणी मॉस, माती आणि पालापाचोळा यांवरील पाण्याच्या पातळ थरातही राहू शकतात. या गटातील नव्या जातीचे वर्णन करण्याच्या पद्धतीचा मागोवा घेऊन, महाराष्ट्रातील रोटिफर-अभ्यासात पालापाचोळा मागे का राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाळूनही जगणारा प्राणी

डच सूक्ष्मदर्शकार आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने १७०२ मधील एका पत्रात छपराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळाविषयी लिहिले आहे. या गाळावर पाणी घालताच त्यातील सूक्ष्म प्राणी पुन्हा हालचाल करू लागल्याचे त्याने पाहिले होते. हे प्राणी डेलॉइड रोटिफर होते, असे आज मानले जाते. पाणी आटताना अंग आक्रसून घेणे आणि ओलावा मिळताच पुन्हा सक्रिय होणे हे या गटाचे वैशिष्ट्य पुढे अनेकांनी तपासले. सायबेरियातील गोठलेल्या जमिनीतून मिळालेला, सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा डेलॉइड पुन्हा जिवंत होऊन प्रजनन करू लागल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या गटात नराची खात्रीशीर नोंद नाही. प्रजनन अनिषेकजननाने होते.

भारतातील आणि महाराष्ट्रातील नोंदी

भारतीय रोटिफरांवरील आरंभीच्या लेखनात अँडरसन यांच्या १८८९ मधील टिपणाचा समावेश होतो. ते एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेम्स मरे या स्कॉटिश अभ्यासकाने १९०६ मध्ये सिक्कीम हिमालयातील रोटिफरांवर लेख लिहिला. हाच मरे पुढे शॅकल्टनच्या १९०७-०९ च्या अंटार्क्टिका मोहिमेत जीवशास्त्रज्ञ म्हणून गेला. येल विद्यापीठाच्या उत्तर भारत मोहिमेतील रोटिफरांचा अहवाल १९३४ मध्ये आला.

महाराष्ट्रात या अभ्यासाला चालना मिळाली ती पाण्याच्या प्रश्नातून. नागपूर येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. तीच १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाते. तेथील एच. सी. अरोरा यांनी १९६० च्या दशकात रोटिफरांवर लेखन केले. जलाशयातील पोषकद्रव्यांच्या स्थितीचे दर्शक म्हणून रोटिफरांचा विचार करणारा त्यांचा लेख १९६६ चा आहे. पुण्यात विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रदूषित मुळा नदीतील प्राणिप्लवकांची नोंद प्रसिद्ध केली. मोइना या जलपिसवेच्या अंगावर चिकटून राहणारा ब्रॅकिओनस रुबेन्स हा रोटिफर तीत नमूद आहे.

या कामाचे मोल मोठे आहे. मात्र त्यामागील प्रश्न पिण्याचे पाणी, तलाव आणि नदी यांचे होते. साहजिकच प्लवकांची जाळी आणि फॉर्मालिनची बाटली ही त्या अभ्यासाची मुख्य साधने ठरली.

पद्धतीची मर्यादा

ब्रॅकिओनससारख्या रोटिफरांना कठीण कवच असते. फॉर्मालिनमध्येही त्याचा आकार टिकतो आणि वर्षभरानंतरही जात ओळखता येते. डेलॉइडचे तसे नाही. रसायन लागताच तो आक्रसून गोळा होतो आणि ओळखीची बहुतेक लक्षणे दिसेनाशी होतात. पायाची बोटे, त्यावरील काटे, चक्रांची रुंदी आणि सरकण्याची रीत ही लक्षणे जिवंत प्राण्यातच पाहावी लागतात. जबड्यावरील दातांची मोजणी तेवढी नंतर करता येते. त्यामुळे संशोधकाला हलणाऱ्या प्राण्यावर नजर ठेवूनच मोजमापे घ्यावी लागतात आणि आकृत्या काढाव्या लागतात. योसेफ डॉनर यांचा १९६५ चा डेलॉइडविषयक जर्मन ग्रंथ अशाच निरीक्षणांवर उभा असून आजही तो आधारभूत मानला जातो.

येथे प्ररूप नमुन्याचाही प्रश्न उद्भवतो. नव्या जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याशी जोडले जाते. तो नमुना टिकलाच नाही तर काय करावे? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू झाली. आकृतीतील प्राणी पुढे नष्ट झाला, तरी प्ररूप म्हणून केलेली त्याची निवड तेवढ्याने अवैध ठरत नाही, असे ती सांगते. अर्थात प्राणी हरवल्यावर आकृती हाच मुख्य पुरावा उरतो, म्हणून ती काढणाऱ्याची जबाबदारी वाढते. शिवाय दिसायला सारख्या डेलॉइडांमध्ये जनुकीयदृष्ट्या वेगळे वंश असल्याचे २००७ मधील संशोधनाने दाखवले. तेव्हापासून आकृतीला डीएनएची जोड देणे इष्ट ठरले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या याद्यांत पालापाचोळ्यातील डेलॉइडांना मिळालेले अल्प स्थान हा प्रामुख्याने साधनांचा परिणाम आहे. तेवढ्यावरून आपल्या मातीत ते कमी आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील गिरिपुष्पाचा पाचोळा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि जूनमध्ये पुन्हा भिजतो. कोरडेपणा आणि ओलावा यांचे हे चक्र डेलॉइडांना मानवणारे आहे. तरीही झाडलोटीत गोळा होणाऱ्या आणि अनेकदा जाळल्या जाणाऱ्या या पाचोळ्याकडे आपण कचरा म्हणूनच पाहतो. ज्या जातींना अद्याप नावच नाही, त्यांच्या नाशाची नोंदही होत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या कामाची सुरुवात खर्चिक नाही. मूठभर पाचोळा, स्वच्छ पाणी, काचेची बशी आणि संयुक्त सूक्ष्मदर्शक ही साधने प्राणिशास्त्राच्या बहुतेक विभागांत आहेत. भिजवल्यानंतर काही तासांत प्राणी हालचाल करू लागतात. त्यानंतर गरज असते ती निरीक्षणाच्या सवयीची. जैवविविधतेच्या नोंदी करताना फॉर्मालिनच्या बाटलीआधी जिवंत प्राण्याची आकृती काढण्याचा पाठ घालून दिला, तर विद्यार्थ्यांच्या वह्यांतून या यादीतील उणीव भरून निघण्यास आरंभ होऊ शकेल.