हनुवटी

खालच्या ओठाखालचा, चेहऱ्याच्या टोकाचा भाग. बोलताना ‘हनवटी’ असेही म्हणतात. बारामती-इंदापूरकडच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके अजून दिसतात. आणि लेकराचे लाड असोत की रुसलेल्याची मनधरणी, हात जातो तो हनुवटीलाच.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘हनु’. ऋग्वेदापासून त्याचा अर्थ जबडा असा आहे. जबडा आखडण्याच्या विकाराला आयुर्वेद ‘हनुग्रह’ म्हणतो. इंद्राच्या वज्राने डावी हनु मोडली म्हणून हनुमान, असे वाल्मीकिरामायणाचे किष्किंधाकांड सांगते. बारामती तालुक्यात ज्याच्यासमोर निवडणूक-प्रचाराचे नारळ फुटतात, तो कन्हेरीचा मारुतीही या मोडलेल्या जबड्याचेच नाव वागवतो.

हनु हा जर्मानिक भाषांतील शब्दांचा सख्खा भाऊबंद आहे. जर्मन ‘किन’ आणि इंग्रजी ‘चिन’ म्हणजे हनुवटी. जुन्या नॉर्समध्ये मात्र ‘किन’ म्हणजे गाल. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात ‘एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर’ या उपदेशात गालाला ‘किन्नुस’ हाच शब्द आहे. ग्रीक ‘गेनुस’ म्हणजे जबडा, लॅटिन ‘गेना’ म्हणजे गाल. एकच शब्द गाल, जबडा आणि हनुवटी यांच्यावरून सरकत राहिला. यात कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. मूळ घराणे एक आहे.

ग्रीक-लॅटिनमधील ‘ग’च्या जागी जर्मानिकमध्ये ‘क’ येतो, हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम येथे चोख लागू पडतो. अडते ते संस्कृतपाशी. तेथे ‘ज’ यायला हवा होता. गुडघ्याच्या शब्दात तो आहेही: संस्कृत ‘जानु’, जर्मन ‘क्नी’. हनूमध्ये ‘ह’ आला तो ‘हन्’ म्हणजे मारणे या धातूच्या प्रभावाने, असे काही अभ्यासक मानतात. हे पटण्याजोगे आहे, कारण प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कानेही निरुक्तात हनूची व्युत्पत्ती याच धातूपासून दिली आहे. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात ही दोन्ही जवळ आलेली होतीच.

मराठीत जबड्याचा अर्थ ‘जबडा’ या शब्दाकडे गेला आणि हनु हनुवटीपुरती उरली. तत्सम ‘चिबुक’ पुस्तकांतच राहिला. जानूचे नशीब त्याहून थिटे: गुडघ्याने त्याची जागा घेतली आणि आता तो ‘आजानुबाहू’सारख्या समासातच भेटतो.