झीब्रा मासा आणि क्षयरोगाचे संशोधन

क्षयरोगकारक जंतू व शरीर यांच्यातील पहिली झटापट जिवंत प्राण्यात प्रत्यक्ष पाहता यावी, यासाठी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरण्यात येत असलेला गोड्या पाण्यातील लहान मासा. शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. तो मूळचा भारतीय उपखंडातील असून फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगावर लांबीच्या दिशेने असलेल्या निळ्या पट्ट्यांवरून त्याला हे नाव पडले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हापासून गिनीपिग, ससा व उंदीर हे प्रयोगशाळेतील नेहमीचे प्राणी होते. त्यांचे शरीर अपारदर्शक असल्याने प्राणी मारून ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) काप तपासावे लागत. अशा कापांत गुलिका, म्हणजे जंतूंभोवती जमलेल्या महाभक्षी व इतर कोशिकांची गाठ, ठळकपणे दिसे. ती जंतूंना कोंडून ठेवणारी शरीराची तटबंदी होय, ही समजूत त्यांतूनच रूढ झाली. मृत कापात क्रम दिसत नाही, ही उणीव मात्र दुर्लक्षित राहिली.

माशांचा क्षयरोगाशी संबंध जुना आहे. जे. डी. ॲरनसन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांतून मायकोबॅक्टिरियम मरिनम हा जंतू वेगळा केला. तो मानवी क्षयजंतूचा जवळचा आप्त असून सु. ३०° से. तापमानास चांगला वाढतो. १९५४ मध्ये स्वीडनमधील पोहण्याच्या तलावांत तो त्वचेवरील गाठींचे कारण असल्याचे दिसून आले. मूळच्या बडोद्याच्या वैद्यक पदवीधर ललिता रामकृष्णन यांनी स्टॅन्ली फॉल्को यांच्या प्रयोगशाळेत प्रथम बेडकात त्याचा अभ्यास केला. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या १९८१ मधील कार्यामुळे झीब्रा मासा आनुवंशिकीत प्रस्थापित झालेला होताच. त्याचे भ्रूण (विकासाच्या पूर्व अवस्थेतील बालजीव) पारदर्शक असतात. विशिष्ट जंतू ओळखणारी लसीका कोशिकांची प्रतिरक्षा त्यांच्यात पहिले काही आठवडे कार्यक्षम नसते.

रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी सिॲटल येथे २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनुस्फुरक (विशिष्ट प्रकाशात चमकणारे) जंतू भ्रूणात टोचले. महाभक्षी कोशिका जंतू गिळताना, ऊतकांत शिरताना व अखेर एकत्र येऊन गुलिका बनवताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. लसीका कोशिकांवाचून गुलिका तयार होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले. २००९ मधील निरीक्षणे अधिक धक्कादायक होती. गुलिकेतील बाधित कोशिका मरताच नव्या महाभक्षी कोशिका तिकडे धावत व तिचे अवशेष गिळत. एका मृत कोशिकेतील जंतू अशा रीतीने अनेक कोशिकांत पोहोचत. त्यांतील काही कोशिका बाहेर पडून अन्यत्र नव्या गुलिकांचे बीज पेरीत. बीसीजी लशीतील जंतूत नसलेला आरडी१ हा जीनसमूह काढून टाकला असता हे आकर्षण मंदावले. म्हणजे आरंभीच्या अवस्थेत तरी तटबंदी शत्रूच्याच सोयीची ठरते. पक्व गुलिका जंतूंना काही प्रमाणात आवरते, हे मात्र यामुळे खोटे ठरत नाही.

डेव्हिड टोबिन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एलटीए४एच या जीनाचा प्रभाव दाखविला. त्याचे कार्य कमी झाल्यास शोथ (दाहयुक्त सूज) अपुरा पडतो, तर अती झाल्यास महाभक्षी कोशिका फुटून मरतात. दोन्ही परिस्थितींत जंतूंचेच फावते. व्हिएटनाममधील क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या रोग्यांत डेक्सामेथासोनचा लाभ या जीनाच्या प्रकारावर अवलंबून असल्याचे २०१२ मध्ये आढळले. इंडोनेशियातील ६०८ रोग्यांच्या २०१७ मधील पाहणीत मात्र मृत्यूशी असा संबंध दिसला नाही. त्यामुळे माशावरून माणसाच्या उपचाराविषयी काढलेले अनुमान घाईचे ठरू शकते.

माशाला फुप्फुसे नसल्याने श्वासावाटे होणारा संसर्ग त्यात अभ्यासता येत नाही. दीर्घकाळ सुप्त राहणारा रोग भ्रूणात पाहता येत नाही. त्यासाठी प्रौढ मासे वापरतात, पण ते पारदर्शक नसतात.