मिट्रल झडपेचे आकुंचन : गोळीने दम कमी होतो, झडप रुंदावत नाही

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, भूम, वाशी या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मोळी डोक्यावर घेऊन वाहनावर चढताना एखाद्या तरुण स्त्रीला दम लागला, तर तो अशक्तपणा समजून अंगावर काढला जातो. त्यामागे मिट्रल झडपेचे आकुंचनही असू शकते.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये ही झडप असते. निरोगी प्रौढात तिचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाल्यास विकार तीव्र मानला जातो. बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, सांधे सुजविणारा ऱ्हुमॅटिक ताप हे त्याचे भारतातील प्रमुख कारण होय. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो आणि गरोदरपणात त्याचा त्रास बळावतो.

मिनिटाला ६० ठोके पडत असताना प्रत्येक ठोक्याला एक सेकंद मिळतो. श्रमात १२० ठोके पडू लागले की अर्धाच. ही कपात मुख्यतः खालचा कप्पा भरण्याच्या काळात होते. परिणामी रक्त वरच्या कप्प्यात तुंबते, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि दम लागतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधे ठोके मंद करून भरण्याचा अवधी वाढवितात. त्यामुळे अनेक रुग्णांना आराम पडतो.

मात्र अरुंद झडपेमुळे प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त फारसे वाढू शकत नाही. श्रमाच्या वेळी हृदयाची भिस्त वेगावरच असते. तो वेग अति रोखल्यास थकवा येतो. व्यायामक्षमतेविषयीच्या चाचण्यांचे निष्कर्ष म्हणूनच एकसारखे नाहीत. काहींत ती वाढली, काहींत नाही. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. दमा असल्यास तसे आधी सांगावे आणि गोळी अचानक बंद करू नये.

झडप रुंद करणे हाच मूळ उपाय आहे. जपानचे शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन, छाती न उघडता झडप रुंदावता येते. झडप त्यास योग्य नसल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. निदान टू-डी इको तपासणीने होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकारांवरील उपचारांचा समावेश आहे. चढावर वारंवार दम लागणाऱ्या स्त्रीची तपासणी हंगामाला निघण्यापूर्वीच व्हावी, हे श्रेयस्कर.