धुळ्याचं कपाट, पाटण्याचा दगड, जळगावचं जातं

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच महिन्यात भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं. आज आपण पुतळा उभारतो, चौकाला नाव देतो. या लोकांनी कपाटं भरली. माणूस गेला होता, पण त्यानं जमवलेले कागद आणि अर्धवट राहिलेली कामं मागे होती. त्यातलाच मराठी धातूंचा कोश मंडळानं १९३७मध्ये छापला. म्हणजे राजवाड्यांच्या पश्चात अकरा वर्षांनी.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, घर धुळे जिल्ह्यात. दिवाळीला जोडून दोन दिवसांची रजा टाकली आणि आपल्याच भागातली संग्रहालयं बघायची ठरवली. लंडन, पॅरिसच्या संग्रहालयांचे रील्स आपण रोज बघतो. पण बसस्टँडपासून रिक्षानं जाता येईल असं काही आपल्याच गावात आहे, हे बहुतेकांच्या गावी नसतं.

राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात दगडी मूर्ती आहेत, नाणी आहेत, पोथ्या आहेत. पण माझे पाय थबकले ते मोडी कागदांपाशी. हात न उचलता पळत गेलेली अक्षरं. भाषा मराठीच. माझ्या पणजोबांना कदाचित ती सहज वाचता आली असती. मला एक शब्द लागेना.

हे कागद इथवर कसे आले, याची गोष्ट राजवाड्यांपासूनच सुरू होते. बी.ए. झालेला हा माणूस, तरुणपणीच पत्नी वारली, पुन्हा लग्न केलं नाही. स्वतःच्या हातानं रांधून खायचं आणि गावोगाव दप्तरं शोधत हिंडायचं, हाच संसार. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेले कागद होते. काही वाळवीनं खाल्लेले, काही रद्दीच्या वाटेवर. काही घरांत इनाम-वतनाच्या भीतीनं कुणाला हातच लावू देत नसत. राजवाड्यांनी तरीही ते मिळवले, वाचले, देवनागरीत उतरवले आणि छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८मध्ये आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं होती. असे बावीस खंड झाले. पानिपतावर आज कादंबऱ्या, सिनेमे निघतात. त्यांच्या मुळाशी असे वाचून काढलेले कागद आहेत.

माझ्या कामाच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात. पण बॅकअपचा एक नियम प्रत्येक इंजिनिअरला लवकरच कळतो. घेतलेला बॅकअप पुन्हा उघडून बघितला नसेल, तर तो आहे असं समजू नये. कागद जपणं वेगळं आणि कागद वाचता येणं वेगळं. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४मध्ये. तेव्हापासून प्रत्येक मोडी अक्षराला संगणकावर स्वतःचा क्रमांक आहे. पण क्रमांक मिळाल्यानं वाचक मिळत नाही. कागदाचा फोटो काढला की तो कागद सुरक्षित झाला असं वाटतं. प्रत्यक्षात आपण न वाचलेल्या कागदाचा न वाचलेला फोटो तयार केलेला असतो.

हे कोडं खानदेशाला नवीन नाही. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरात, पाटणे इथे १२०७ सालातला एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारा तो नव्हे, हा यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी) यानं इथे एक मठ स्थापन केला. कशासाठी? आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. 'लीलावती' आणि बीजगणित हे त्या ग्रंथाचेच भाग.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी मराठीत आहेत. तिथे मठाच्या खर्चाची सोय लिहिली आहे. बाजारात येणाऱ्या मालावर काय द्यायचं, पोफळं किती, प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल. घराण्याची थोरवी संस्कृतात आणि महिन्याचा खर्च मराठीत! बहुधा कारण साधं असावं. तेल देणाऱ्याला आपण काय द्यायचंय ते कळलं पाहिजे.

तो मठ आज नाही. ग्रंथ मात्र आहे, कारण शतकानुशतकं देशभर कुणी ना कुणी तो शिकत राहिलं, नकलत राहिलं. दगडानं मठाची आठवण ठेवली, पण ग्रंथ जगवला तो विद्यार्थ्यांनी. आणि विद्यार्थ्यांचा दिवा पळीभर तेलावर चालतो, हे चांगदेवाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोल करत जळगावला गेलो. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं स्मृती संग्रहालय आहे. धुळ्यात सगळा कागदाचा कारभार, इथे कागद जवळपास नाहीच. शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, रोजच्या वापराच्या वस्तू. आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या घरात असतील अशाच. बहिणाबाई १८८०मध्ये असोद्यात जन्मल्या, १९५१मध्ये गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता लेवा गणबोलीत गाणी सुचत, त्या म्हणत, आणि गाणं हवेत विरून जाई.

त्यातली काही उरली, कारण मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

वाड्यातल्या त्या वस्तूंपुढे उभं राहिल्यावर मला वेगळाच हिशेब सुचायला लागला. मुलगा स्वतः कवी होता, म्हणून त्याचा कान तयार होता. तो दुसरं काही झाला असता तर? आणि जी गाणी आसपास कुणी नसताना, पहाटेच्या अंधारात म्हटली गेली, त्यांचं काय झालं? शेजारच्या आळीतली, तितकंच सुंदर काही म्हणणारी, पण जिच्या घरात वही घेऊन बसणारं कुणी नव्हतं, ती बाई कोण होती? राजवाड्यांना सापडलेल्या दप्तरात ती नाही. पाटण्याच्या दगडावरही नाही. संग्रहालयात आपण जे बघतो, ते कुणाला तरी उतरवून घ्यावंसं वाटलं म्हणून उरलेलं असतं. बाकीच्याची रिकामी जागासुद्धा दिसत नाही.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे, आणि ते मी स्वतः करतोय. माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, अहिराणी बोलते. लग्नातली, जात्यावरची गाणी तिला अजून येतात. माझ्या फोनमध्ये तिची चौदा रेकॉर्डिंग आहेत. फाईलचं नाव म्हणजे नुसती तारीख आणि आकडे. वीस वर्षांनी ती कुणी उघडली, तर त्याची गत माझी मोडीपुढे झाली तशीच होईल. आवाज ऐकू येईल, अर्थ लागणार नाही.

सध्या दर रविवारी तिला फोन करतो आणि एकेक गाणं शब्दशः लिहून घेतो. कोणत्या प्रसंगी म्हणायचं, कुणाकडून शिकली, अडलेल्या शब्दाचा अर्थ काय, तेही. आतापर्यंत पाच झाली. मागच्या रविवारी एका शब्दावर ती स्वतःच अडली. म्हणाली, हा शब्द माझ्या आईला माहीत होता.

त्या शब्दापुढे मी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. उरलेल्या नऊ गाण्यांना मात्र रविवारची वाट बघायची नाही, असं ठरवलंय.