अपूर्णांकाने भागाकार

एखाद्या राशीत दिलेले अपूर्णांकी माप किती वेळा सामावते, हे काढण्याची गणितकृती. भाजक एकापेक्षा लहान असल्यास भागाकार भाज्याहून मोठा येतो. भागणे म्हणजे घटविणे, अशी समजूत असलेल्या नवशिक्याचा येथे हटकून गोंधळ होतो.

ब्रह्मगुप्त यांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) भाजकाचे अंश व छेद यांची अदलाबदल करून गुणाकार करावा, असा नियम आहे. महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (सु. ८५०) आणि भास्कराचार्य (दुसरे) यांच्या लीलावतीत (११५०) तोच आढळतो. चीनमधील गणितकलेची नऊ प्रकरणे या प्राचीन ग्रंथात मात्र दोन्ही राशींचे छेद समान करून अंशाला अंशाने भागण्याची रीत आहे.

महाराष्ट्रातील बाजारात प्रत्यक्षात ही दुसरी रीतच चाले, मात्र तिला कोणी रीत म्हणत नसे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली या मापांत पुढचे प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट असल्याने अपूर्णांकाला स्वतंत्र नावच मिळे. रोज पाऊण पायली धान्य लागत असेल, तर साडेचार पायल्या किती दिवस पुरतील? पायलीचे शेर चार. म्हणून अठरा शेरांना तीन शेरांनी भागले, की सहा दिवस हे उत्तर येते. अपूर्णांक लिहावाच लागत नाही. पाऊणकी, दिडकी, अडीचकी इ. पाढे उलट्या दिशेने वापरूनही हेच साधे. धान्य पाच पायल्या असेल, तर सहा दिवसांनंतर दोन शेर म्हणजे अर्धी पायली उरते. भागाकार मात्र साडेसहा नसून ६ २/३ असतो, कारण बाकीचे मोजमाप आता पायलीने नव्हे, तर रोजच्या तीन शेरांनी करावयाचे असते. हिशेबातील चुका बहुधा याच ठिकाणी होतात.

निमपटीची ही उतरंड तिसऱ्या वा सातव्या हिश्शापुढे निरुपयोगी ठरते. लीलावतीतील त्रैराशिकाच्या एका उदाहरणात ३/७ निष्काला (निष्क हे नाणे) अडीच पले केशर मिळते. ९ निष्कांना किती, असा प्रश्न आहे. एका निष्काचे सात भाग केले व तीन-तीन घेतले, तर ते ७/३ वेळा घेता येतात. व्यस्ताने गुणण्याचे कारण एवढेच. नऊ निष्कांत असे २१ वाटे होतात व केशर ५२ १/२ पले येते.

१९५६ च्या कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापे लागू झाली आणि शेर-पायली अधिकृत व्यवहारातून गेली. तथापि ४·५ ला ०·७५ ने भागताना दशांशचिन्ह सरकवून ४५० ला ७५ ने भागतात, तेव्हा शेरांत उतरविण्याचीच जुनी युक्ती वापरली जाते. फरक इतकाच, की तेथे पायलीचे चार शेर होत, येथे एककाचे शंभर भाग होतात.