महाडचा मतदार आणि उमेदवारांचे वय

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडचा राजकीय इतिहास पाहू जाणाऱ्यास एक गोष्ट लवकरच जाणवते, ती ही की, या गावाने देशास दिलेले मोठे प्रसंग तरुणांच्या हातून घडले आणि तेही येथील बहुसंख्य रयतेस मताचा अधिकार मिळण्यापूर्वी. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव दप्तरात पडून राहिला होता; तो मार्च १९२७ मध्ये प्रत्यक्षात आणण्यासाठी परिषद भरवण्याचा ध्यास घेणारे लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे चोवीस वर्षांचे होते, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्याकडे चालत गेले त्या डॉ. आंबेडकरांनी वयाची छत्तीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा महाडच्या कचेरीवर आला, गोळीबार झाला आणि कमलाकर दांडेकर, वसंत दाते आदी हुतात्मे झाले. त्या काळी मताधिकार मुख्यतः मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या, शेजारच्या पोलादपूर तालुक्यातल्या कुळाला त्यात कोठले स्थान? सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागणारे आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडणारे आंबेडकर या दोन मागण्यांचा परस्परसंबंध पुरता ओळखून होते.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली आणि मतही मिळाले. १९८९ साली मतदाराचे किमान वय एकविसावरून अठरावर आले. लोकसभेच्या उमेदवारास मात्र पंचवीस वर्षांची अट राहिली, आणि कमाल मर्यादा घटनेने कधीच घातली नाही. ती घातली नाही हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. कारण केवळ जन्मतारखेवरून माणसाची योग्यता ठरवणे हा एक प्रकारचा अन्यायच होय.

तथापि २००९ साली हा प्रश्न या भागापुढे मूर्त रूपाने उभा राहिला. कुलाबा हे नाव मतदारसंघांच्या यादीतून जाऊन रायगड हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला होता. त्यात महाडबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागरही आले होते, आणि काँग्रेसने उमेदवारी दिली होती ती आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना. अंतुले तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात जिल्ह्याचे कुलाबा हे नाव पालटून रायगड झाले, ज्यांच्या कारकीर्दीत सुरू झालेल्या निराधार योजनेचे अनुदान आजही डोंगरातल्या वाड्यांवरील निराधारांच्या हाती पडते, त्या माणसाचा शिवसेनेच्या सत्तावन्न वर्षांच्या अनंत गीते यांनी सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. त्यात वयाचा वाटा किती आणि मतदारसंघाच्या नव्या रचनेचा किती, हे निवडून सांगणे अवघड आहे. परंतु इतक्या दीर्घ कारकीर्दीनंतर पक्षास त्या जागी दुसरा माणूस सुचू नये, ही उणीव अंतुल्यांची नव्हे, पक्षाची होती.

पोलादपूरच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. या तालुक्यातील तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईस गेला. पूर्वी गिरणीत गेला आणि, अंतुल्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले त्याच जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने गिरण्यांची वाताहत झाल्यावर, मिळेल त्या कामावर गेला. त्यांतल्या अनेकांचे नाव गावच्या यादीत राहते. पण सभेला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, पुढाऱ्याला जाब विचारायला गावात उरतात ती बहुतेक वयस्क माणसे. वृद्ध मतदार वृद्ध उमेदवारास निवडतो असा दोष त्यांना देणे मला क्रूर वाटते. त्यांच्यापुढे दुसरे कोण आणून उभे केले होते?

२०१४ साली गीते आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे समोरासमोर आले. गीते २,११० मतांनी जिंकले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला त्याच्या कितीतरी पट, साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. मतदाराच्या भाबडेपणाचा असा लाभ घेतला जातो तेव्हा त्याचे मन विटणारच. २०१९ मध्ये तेच दोघे लढले, या वेळी तटकरे जिंकले; २०२४ मध्ये पुन्हा तेच दोघे. दरम्यान २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश काळातला पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात सुतारवाडी आणि केवनाळे येथेही माणसे गाडली गेली; पक्ष फुटले, चिन्हे बदलली, कालचे शत्रू आजचे मित्र झाले. प्रमुख उमेदवारांची नावे तेवढी कायम राहिली आणि त्यांची वये बासष्ट व अठ्ठावन्नवरून बहात्तर व अडुसष्ट झाली. तटकरे ८२ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

म्हणून उमेदवाराच्या वयाची चर्चा मला अपुरी वाटते. निराशेचे मूळ उमेदवारी ठरते त्या बंद खोलीत आहे. २०१३ पासून मतयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले खरे. पण यादी तयार झाल्यावर ती नाकारण्यापुरताच त्याचा उपयोग, आणि त्याला कितीही मते पडली तरी उरलेल्यांत पुढे असलेलाच खासदार होतो. यादी होण्यापूर्वी, पोलादपूरच्या पंचविशीतल्या एखाद्या मुलीचे नाव तुमच्यापुढे विचारासाठी तरी आले होते काय, असे पक्षास विचारण्याचा अधिकार मतदाराला कोणत्याही कायद्याने अद्याप दिलेला नाही.