बिगफूट : मोडतोडीतून उंचावलेला ट्रक

'बिगफूट' हे नाव मोठ्या चाकांवरून पडले, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ते पडले मालकाच्या पायावरून!

अमेरिकेतील सेंट लुईसचे बॉब चँडलर हे बांधकाम व्यावसायिक. त्यांचा १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० पिकअप रानवाटांवर वारंवार मोडे आणि सुटे भाग जवळपास मिळत नसत. अखेर पत्नी मॅरिलिन व मित्र जिम क्रेमर यांच्यासह त्यांनी स्वतःचेच दुकान थाटले. ॲक्सिलरेटरवरचा चँडलर यांचा जड पाय हेच मोडतोडीचे मूळ, असे दुकानाचे व्यवस्थापक चेष्टेने म्हणत. त्यातून हे नाव रुजले.

टायर जितका मोठा, तितका तो फिरवताना ॲक्सलवर पडणारा पीळ अधिक. त्यामुळे मूळचे ॲक्सल टिकेनात, तेव्हा लष्करी ट्रकचे भक्कम ॲक्सल आले. वजन वाढले, म्हणून इंजिन बदलले. मोठे टायर मडगार्डखाली मावेनात, म्हणून बॉडी आणखी वर चढवली. वळण घेणे अवघड होऊ नये, यासाठी मागची चाकेही वळतील अशी योजना केली. टायर ४८ इंचांवर पोहोचले. ट्रकची ती डोळ्यांत भरणारी उंची हौसेची होतीच, पण तितकीच दुरुस्तीचीही!

१९८१ मध्ये चँडलर यांनी एका शेतात दोन भंगार मोटारींवरून हा ट्रक चालवला आणि त्याची चित्रफीत दुकानात लावली. ती पाहून एका आयोजकाने तोच प्रयोग प्रेक्षकांसमोर करण्याची गळ घातली. 'मॉन्स्टर ट्रक'च्या खेळांचा उगम बहुधा इथेच मानला जातो.

लवकरच आलेल्या 'बिगफूट २'ला ६६ इंची टायर लागले. ते मुळात शेतात खत पसरवणाऱ्या अवजड यंत्रांचे होते.